तीन फेऱ्यांत वसूल होणारा पास घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकहून बदली होऊन बडोद्यात आलात, शहराच्या पश्चिमेला गोत्री भागात राहता, मुलं सात आणि अकरा वर्षांची, मिस्टर रिफायनरीत शिफ्टला. हायवेपलीकडच्या एका वॉटर पार्कला जाऊन आलात, मुलं बेहद्द खूश झाली, आणि निघताना काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की वार्षिक पास घ्या, तीन फेऱ्यांत वसूल. चौघांचे पास घ्यावेत का, आणि सासूबाई अधूनमधून येतात तर त्यांचाही घ्यावा का?

आधी मत सांगून टाकते: चौघांचे घेऊ नका. पास महाग वाटला तरी चालेल, पण तुमची खरी अडचण गोत्री आहे. ते पुढे सांगते.

पार्कचा आजचा दर मी इथे धरत नाही, तो सीझनप्रमाणे आणि ऑफरप्रमाणे हलत असतो. सोपे आकडे घेऊ. समजा एका माणसाचं तिकीट १,००० आणि पास २,५००. चौघांचे पास १०,०००. तिसऱ्या फेरीला तुम्ही २,००० रुपयांनी फायद्यात, म्हणजे काउंटरवरचा मुलगा खोटं बोललेला नाही. मात्र त्याने फक्त गेटचे पैसे मोजले. लॉकर, नायलॉनच्या कॉस्च्युमचं भाडं (विकत घेतला तर पुढच्या उन्हाळ्यात पोराला होत नाही), बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून आतली पावभाजी, आईस्क्रीम, पार्किंग, पेट्रोल. चौघांचे दोनेक हजार कुठे जातात ते कळतही नाही.

आता स्वतःला विचारा, पास नसता तर वर्षात किती वेळा गेला असतात? बहुतेक घरं दोनदा म्हणतील, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाहुणे आले की. दोन फेऱ्यांचा सगळा खर्च १२,०००. पास घेऊन सहा वेळा गेलात तर पासाचे १०,००० आणि आतले १२,०००, मिळून २२,०००. घरी येऊन तुम्ही म्हणाल, '१४,००० वाचले', कारण सहा वेळा तिकीट काढलं असतं तर ३६,००० झाले असते. पण सहा वेळा तिकीट काढून तुम्ही गेलाच नसता! खात्यातून १०,००० जास्त गेले आणि जादाच्या चार फेऱ्या प्रत्येकी २,५०० रुपयांना पडल्या.

चौघांच्या एका दिवसाला अडीच हजार हे काही वाईट नाही, आणि मी पासाच्या विरुद्धही नाही. फक्त 'किती फेऱ्यांत वसूल' हा काउंटरचा प्रश्न आहे. तुमचा प्रश्न असा हवा की त्या जादाच्या फेऱ्या, अडीच हजाराला एक अशा, मला हव्यात का. तुम्ही बडोद्यात नवीन आहात. तेवढ्या पैशांत पावागड रोपवेसकट होतो, खाली चांपानेरच्या मशिदी आहेत, आणि केवडियाचा १८२ मीटर उंच सरदार मुलांनी पाहिला नसेल तर एक रविवार तिकडे जाणारच.

आता गोत्रीचं. माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला राहते, डिस्नेलँडपासून गाडीने दहा मिनिटांवर. तिच्याकडे पास आहे आणि तो तिला पुरेपूर परवडतो. शाळा सुटली की मुलीला घेऊन जाते, एकदोन राइड, पॉपकॉर्नची एक बादली, आणि जेवायला घरी. रांग मोठी दिसली तर राइडचा नादच सोडून देतात, नुसत्या फिरून येतात. तिकीट काढून गेलेल्या माणसाला हे जमत नाही. तिथलं एका दिवसाचं साधं तिकीटही १०० डॉलरच्या पुढे आहे, आणि २०१६ पासून गर्दीच्या दिवसाला जास्त, रिकाम्या दिवसाला कमी असे दर आहेत. एवढे पैसे भरल्यावर सकाळी गेट उघडल्यापासून पाय दुखेपर्यंत दिवस पिळून काढावाच लागतो. बहिणीला पासाने जे मिळतं ते म्हणजे कंटाळा आला की दोन तासांत निघून येण्याची मुभा.

तुम्हाला ती मुभा कुठून मिळणार? गोत्रीहून निघायचं, अख्खं शहर ओलांडायचं, मग हायवेची चोकडी (म्हणजे चौक), मग पुढचा रस्ता. आपल्याकडची वॉटर पार्क रात्रीपर्यंत चालू नसतात, संध्याकाळी पाणी बंद. शाळा सुटल्यावर निघालात तर गेटवर पोहोचेपर्यंत लोक केस पुसत बाहेर पडताना दिसतील. म्हणजे तुमची प्रत्येक फेरी पूर्ण दिवसाची, ओल्या कपड्यांच्या पिशव्यांसकट. असे दिवस वर्षात किती काढता येतात, यावर सगळं ठरतं. तुम्ही पार्कच्या बाजूला, वाघोडिया रोडला किंवा आजवा रोडला राहत असता तर मी कदाचित उलट सांगितलं असतं.

आणि ते दिवस मोजायला बसलात की पासामागची बारीक अक्षरं वाचा. गुजरात बोर्डाच्या शाळांना उन्हाळ्याची ३५ दिवस आणि दिवाळीची २१ दिवस रजा असते. पासावर 'सणवार आणि गर्दीचे दिवस वगळून' असं असेल, तर नेमके कोणते दिवस वगळलेत त्यांची तारीखवार यादी मागा. मे महिन्यातले रविवार, दिवाळी, १५ ऑगस्ट, ३१ डिसेंबर गेले तर शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईला उरतं काय? जुलैतला एखादा रविवार, आणि त्या दिवशी मिस्टरांची सेकंड शिफ्ट. शिफ्टवाल्या घरात हीच पंचाईत असते. मधल्या वारी सुट्टी मिळते, पार्क रिकामं असतं, पण मुलं शाळेत.

बारीक अक्षरांचा खटाटोप आपल्याकडेच आहे असं नाही. डिस्नेलँडने ऑगस्ट २०२१ मध्ये 'मॅजिक की' नावाचे नवे पास आणले. त्यातला सर्वांत वरचा १,३९९ डॉलरचा, 'वर्ज्य दिवस नाहीत' म्हणून विकलेला. पण आत जायला आधी तारीख राखून ठेवावी लागायची. पासवाल्यांसाठी तारीख भरलेली दाखवतात आणि त्याच दिवसाची साधी तिकिटं मात्र विकतात, असा दावा करत एका पासधारक बाईंनी खटला घातला. २०२३ मध्ये तो ९५ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. म्हणून 'वर्षभर' या शब्दावर न जाता विचारायचं की अमुक तारखेला, दुपारी बारा वाजता, हा पास दाखवून मला आत सोडाल का.

पार्कवाले पास स्वस्त का देतात, हेही समजून घ्या. १९७१ मध्ये वॉल्टर ओय नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने डिस्नेलँडचंच उदाहरण घेऊन हा पेच मांडला होता: गेटवर जास्त पैसे घेऊन राइड फुकट ठेवायच्या, की गेट स्वस्त ठेवून राइडगणिक पैसे घ्यायचे? तेव्हा डिस्नेलँडमध्ये राइडची वेगळी कुपनं असत, १९८२ मध्ये ती पद्धत बंद झाली. आपली बडोद्याची कमाटीबाग अजून जुन्या पद्धतीची आहे. बागेत फुकट शिरा, प्राणी बघायचे तर वेगळं तिकीट, म्युझियमचं वेगळं. वार्षिक पास ही त्याच पेचातली आणखी एक वाट. गेट एकदाच विकायचं आणि मग माणूस जितक्या वेळा येईल तितक्या वेळा आतलं खाणं, लॉकर, फोटो विकायचे. पासधारकाला खाण्यावर दहा-पंधरा टक्के सूट देतात ती याच साठी. सूट मिळते म्हणून आपण एरवी घेतलं नसतं तेही घेतो, मी तर हमखास घेते.

दुसरी बाजू अशी की बरेच लोक येतच नाहीत, आणि तेही पार्कच्या पथ्यावर पडतं. अमेरिकेतल्या काही जिमच्या सभासदांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे लोक सरासरी महिन्यातून चारपाच वेळा जायचे, म्हणजे एका फेरीला १७ डॉलरच्या वर पडत होते. तिथेच दहा फेऱ्यांचं कार्ड १०० डॉलरला मिळत होतं! भरताना प्रत्येकाला वाटतं की आपण नियमित जाणार.

बडोद्यात राहून नवरात्र केली की तुम्हाला कळेल, सीझन पास वसूल कसा होतो. इथे पोरंपोरी नऊ रात्रींचा गरब्याचा पास आधीपासून काढून ठेवतात आणि एक रात्र चुकवत नाहीत. कारण रात्री नऊच आहेत, त्या ठरलेल्या आहेत, आणि अख्खी मित्रमंडळी त्याच मैदानात असते. वॉटर पार्कच्या पासाला यातलं काहीच नाही. ३६५ दिवस मोकळे आहेत म्हणून आज नाही तर पुढच्या रविवारी, आणि पुढच्या रविवारी मामाकडे साखरपुडा. म्हणून माझा आग्रह असतो की पास घेण्याआधी कॅलेंडरवर तारखा लिहा, आणि शक्य तर मुलांच्या वर्गातल्या दुसऱ्या एका घराला बरोबर घ्या. दोन घरांचं ठरलेलं असलं की कोणी सहजासहजी टाळत नाही.

गुजरातमध्ये राहताना आणखी एक गोष्ट विचारायला हवी, आणि ती हलकी नाही. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनला आग लागली, लहान मुलांसकट अनेक जीव गेले. त्यानंतर राज्यभरातले गेमझोन तपासणीसाठी बंद करण्यात आले, ऐन उन्हाळ्याच्या रजेत. तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण तुम्ही वर्षाचे पैसे आधी भरलेले असताना पार्क सहा आठवडे बंद राहिलं, तर मुदत तेवढी वाढते का? ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा निम्मं शहर पाण्यात होतं, तेव्हा कुठलं वॉटर पार्क? कोविडमध्ये डिस्नेलँड मार्च २०२० ते एप्रिल २०२१ बंद होतं आणि मधेच, जानेवारी २०२१ मध्ये, त्यांनी जुनी पासयोजनाच गुंडाळली, पण उरलेल्या काळाचे पैसे परत दिले. तुमच्या पार्ककडून असं काही लेखी मिळतं का ते बघा. तोंडी 'हो हो, वाढवून देऊ' याला अर्थ नाही, पुढच्या वर्षी त्या काउंटरवर दुसराच मुलगा असेल. त्याच वेळी एकच दर विचारून घ्या, जीएसटीसकटचा. २०१८ मध्ये तो अशा पार्कसाठी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण जाहिरातीत मोठ्या अक्षरात तो धरलेला असेलच असं नाही.

मुलांबद्दल एक. आपल्याकडे तिकीट बहुतेक वेळा वयावर नसतं, उंचीवर असतं, आणि मोठ्या राइडनाही उंचीची अट असते. तुमची थोरली अकराची, म्हणजे झपाट्याने वाढायच्या वयात. आज लहान मुलाच्या दराचा पास घेतला आणि सहा महिन्यांनी ती पट्टीच्या वर गेली तर फरक भरायला लावतात का, हे विचारा. धाकट्याचं उलट. सात वर्षांचा मुलगा मोठ्या घसरगुंडीखाली उभा राहून ताईला हात करत असेल, तर त्याच्यासाठी तेच पैसे निम्म्या पार्कचे.

एवढं सगळं होऊनही घ्यायचाच असेल तर मेच्या पहिल्या तारखेला न घेता रजेच्या मध्यावर, २० मेच्या आसपास घ्या, आणि मुदत खरेदीपासून बारा महिने आहे याची खात्री करा (काही पास पहिल्या प्रवेशापासून मोजतात, काही थेट ३१ डिसेंबरला संपतात, ते तर नकोच). असं केलं की या उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि पुढच्या उन्हाळ्याचा पूर्वार्ध मिळतो. एकाच रजेत चार वेळा गेलं की मुलं तिसऱ्या वेळी 'परत तेच?' म्हणतात. मधे वर्ष गेलं की तीच घसरगुंडी नवी होते.

तुमच्यासाठी मला बरं वाटतं ते असं: दोन्ही मुलांचे आणि तुमचा, असे तीन पास, तेही शेजारचं एखादं घर बरोबर येणार असेल तर. मिस्टर शिफ्ट जुळेल तेव्हा तिकीट काढून येतील. वर्षात ते दोनदाच येणार, त्यांच्या पासाचे पैसे निघत नाहीत. कोणी जोडीला नसेल तर या मेमध्ये साध्या तिकिटावर जा, आणि निघण्यापूर्वी काउंटरवर विचारा की आजचं तिकीट पासात वळतं करून मिळेल का. डिस्नेलँडमध्ये बहिणीला तसं मिळालं होतं. इथेही 'हो' म्हणाले तर दिवसभर मुलांचा उत्साह बघून संध्याकाळी ठरवता येईल.

सासूबाईंसाठी पास काढू नका. त्या भिजणार नाहीत, सावलीत बसून पिशव्या सांभाळतील. नुसत्या बसणाऱ्यांचं वेगळं कमी दराचं तिकीट असतं का ते विचारा. नाहीतर तुम्ही मुलांना घेऊन तिकडे जा आणि मिस्टर त्यांना संध्याकाळी कमाटीबागेत नेतील, येताना सेव-उसळ.