तुम्हाला आर्किटेक्ट हवी आहे की सही?

प्रश्न : मी कराडला बांधकाम कंत्राटदार आहे. मुलगी पुण्यात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्ट्रक्चरला एटीकेटी लागली आहे, तरी रात्र रात्र लॅपटॉपवर भिंतींचे आणि दगडांचे पोत तयार करत बसते. सुट्टीत घरी आली की जुन्या वाड्यांच्या भिंतींचे फोटो काढत फिरते. डिग्री झाली की तिने आमच्याच फर्ममध्ये बसावं, घरचा आर्किटेक्ट असला की सह्यांसाठी बाहेर कोणाच्या मागे लागायला नको, असं ठरलेलं आहे. सध्या लॅपटॉप काढून घेतला आहे. तिचे दोन नमुने सोबत जोडले आहेत. हा नाद कसा सोडवावा? की सरळ एमपीएससीला बसवावं?
– एक पालक, कराड

उत्तर : एटीकेटीचं आधी उरकते. स्ट्रक्चरला अडकलेली ती काही पहिली मुलगी नाही. अभ्यास करावा लागेल, पेपर निघेल. मला खटकलं ते ‘असं ठरलेलं आहे’. कोणी ठरवलं? एवढ्या पत्रात मुलीच्या तोंडचं एक वाक्य नाही. तिला काय करायचंय, हे तुम्ही तिला विचारल्याचंही कुठे दिसत नाही. दिसते ती तुमची अडचण : नकाशे मंजुरीला लावताना सही लागते आणि ती बाहेरून आणावी लागते.

ही अडचण खरी आहे. पण तिच्यासाठी मुलगी वाढवायची नसते. 1972 च्या आर्किटेक्ट कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. नोंदणी झाली की सही केलेल्या प्रत्येक नकाशाचं ओझं तिच्या डोक्यावर. उद्या साइटवर तुम्ही एक बाल्कनी पुढे काढलीत, इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या मार्जिनमध्ये दोन फूट सरकलात, तर जाब तिलाही विचारतील. बाहेरचा आर्किटेक्ट तुम्हाला तोंडावर ‘जमणार नाही’ म्हणू शकतो. तेवीस वर्षांची पोर जेवणाच्या टेबलावर बापाला तसं म्हणेल? तोवर ज्यांच्याकडे सह्यांसाठी जाता, त्यांच्याकडेच जात राहा. आणि तो लॅपटॉप आजच परत करा. गवंड्याची थापी काढून घेऊन ‘आता नीट काम कर’ म्हणण्यातला प्रकार आहे हा.

आता त्या ‘नादा’बद्दल. पोत म्हणजे चित्र देखणं करायला वरून चढवलेला रंग, असा तुमचा समज दिसतो. तो एकट्या तुमचा नाही, आर्किटेक्चरच्या पुष्कळ मुलांचाही आहे. संगणकावर पोत दाखवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत भिंत सपाटच राहते, फक्त तिच्यावर उजेड असा पाडतात की खडबडीत वाटावी. जेम्स ब्लिन यांनी 1978 मध्ये ही युक्ती मांडली, तिला बंप मॅपिंग म्हणतात. भिंतीची कड बघितली की फसवणूक उघडी पडते, कारण कड सरळच असते. दुसरी रीत डिस्प्लेसमेंटची. तिच्यात पृष्ठभाग खरोखर वर-खाली होतो. पहिलीतून चित्र निघतं, दुसरीतून साचा निघू शकतो. सॅन फ्रान्सिस्कोतलं डी यंग म्युझियम 2005 मध्ये उघडलं. त्याचे आर्किटेक्ट हर्झोग आणि द म्युराँ यांनी झाडांच्या फोटोंचे ठिपके केले आणि त्या ठिपक्यांवरून तांब्याच्या पत्र्याला भोकं आणि खळगे पाडून घेतले. असे 7,000 हून अधिक पत्रे त्या इमारतीला आहेत. तिथे फोटोतला पोत म्हणजेच भिंत. तुमच्या मुलीला अशा कामात गोडी असेल तर तो वेळेचा अपव्यय नाही.

पण तिचे दोन्ही नमुने मी नीट पाहिले. त्यांत कच्चेपणा आहे आणि तो तिने ऐकायला हवा.

पहिल्या नमुन्यात काळ्या दगडाची भिंत आहे. डावीकडे वर एक फिकट डाग असलेला दगड दिसतो. थोडं पुढे गेलं की तोच दगड, तोच डाग, पुन्हा पुढे तोच. एकच फोटो शेजारी शेजारी जोडत नेलाय. कोपऱ्यावर तर दगडाचं चित्र कागदासारखं दुमडून पलीकडे गेलंय. खऱ्या वाड्याच्या कोपऱ्याला घडीव दगड एक आड एक लांब-आखूड बसतात, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. तिच्या कॉलेजात काम तपासणाऱ्या ज्युरीच्या आधी हा दोष तुम्हाला दिसला असता. ते चित्र तुम्ही एकदा तरी उघडून बघितलंत का?

दुसऱ्या नमुन्यात मात्र दम आहे. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळीवरच्या रेषांचा फोटो घेऊन, पांढरं ते वर आणि काळं ते खोल, असं धरून तिने काँक्रीटचं पॅनेल उठवलंय. स्क्रीनवर सुंदर दिसतं. ओतायला गेलात तर साच्यातून निघणार नाही. काही खाचांच्या बाजू अगदी उभ्या आहेत, उतार नावाला नाही, साचा ओढताना काँक्रीटची कड घेऊनच येईल. कव्हरचा, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या थराचाही विचार केलेला नाही. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणे मध्यम प्रतीच्या वातावरणात सळईवर 30 मिलिमीटर कव्हर लागतं. खाच 15 मिलिमीटर खोल गेली की तेवढं कव्हर गेलं, म्हणजे कव्हर खाचेच्या तळापासून मोजायचं. सळई कुठे बसते आणि का, हे एकदा हाताने केलं की एटीकेटीचा विषयही तिला परका वाटणार नाही. आडव्या खाचांमध्ये आपल्याकडच्या पावसात पाणी आणि धूळ साचणार. हे तिला सॉफ्टवेअर सांगणार नाही. तुम्ही सांगू शकता.

म्हणून नाद सोडवायचा उपाय विचारू नका, तो साइटवर आणा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत तिला घेऊन जा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांसाठी, लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत, साचा सुटावा म्हणून बाजूंना उतार किती ठेवायचा हे त्यांच्या बोटांत असतं. दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा करा. प्लायवर सीएनसीने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने, खोदाई, वर शटरिंग ऑइल, आणि ओतताना तुमचा मिस्त्री तिच्या शेजारी उभा हवा. पहिला तुकडा बहुतेक फुटेल. तेव्हा ‘बघ, मी म्हणालो नव्हतो’ एवढं म्हणू नका.

एमपीएससी? नगररचनेची आवड असेल तर जरूर द्यावी, शिक्षा म्हणून देऊ नये. पुढे शिकायचं असेल तर एम.आर्क.साठी गेट ही प्रवेश परीक्षा आहे, डिझाइनकडे वळायचं असेल तर सीड आहे. दोन्हींबद्दल चौथ्या वर्षी बोलू.

मुलीलाही एक सांगते, हे पत्र तिला वाचायला द्या. नुसती गुळगुळीत रेंडर, म्हणजे संगणकावरची इमारतीची चित्रं, करून पोट भरायचं म्हणशील तर त्या रांगेत गर्दी फार आहे, आणि आता फोटोसारखं चित्र एआयही काढून देतं. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, राइनो-ग्रासहॉपर हे दुसरं वर्गातल्या निम्म्या मुलांना येतं. ‘मला सॉफ्टवेअर येतं’ याला कोणी विचारत नाही. इमारतीचं दर्शनी आवरण करणाऱ्या फसाड कन्सल्टंटला साचा, सांधा आणि पाणी समजणारं माणूस लागतं. प्रॅक्टिकल ट्रेनिंगसाठी अशीच ऑफिसं शोध, वडिलांचं नको. ओतलेलं पॅनेल गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून एक पावसाळा उभं ठेव. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी फोटो घे. डाग कुठे ओघळले, शेवाळ कुठल्या खाचेत धरलं, हे लिहून ठेव आणि त्यावरून खाचांची दिशा बदलून दुसरं पॅनेल ओत. पोर्टफोलिओत ही दोन्ही पॅनेलं शेजारी शेजारी लाव, दगडी भिंत काढून टाक.