भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय, करू का?

तुझं पत्र वाचलं गं. वडील जाऊन वर्ष झालं आणि आता भाऊ म्हणतोय भाऊबीजेला येशील तेव्हा आधार कार्ड अन् फोटो घेऊन ये, हक्कसोडपत्राचं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला तुझा हिस्सा सोडल्याच्या कागदाचं, उरकून टाकू. आई म्हणते सही कर बाई, नाहीतर माहेर तुटेल, नवरा म्हणतो हिस्सा सोडायचा नाही. आणि तू मला विचारतेस, मी हावरट आहे का?

अजिबात नाही. भावाला विचारतं का कोणी असं?

हिंदू वारसा कायद्यात २००५ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, जन्मापासून, लग्न झालंय की नाही याचा काही संबंध नाही, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलं की २००५ ला वडील हयात होते की नव्हते त्यानेही फरक पडत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेलं काही असेल आणि मृत्युपत्र नसेल तर तू, भाऊ आणि आई तिघांना सारखं. हो, आईलाही! हे तिला कोणी सांगितलंय का? तिचीही सही त्याच दिवशी घेणार असतील तर काय, उद्या घरात पटलं नाही तर तिच्या हातात काय राहणार, मला तर तुझ्यापेक्षा तिचीच जास्त काळजी वाटतेय.

घाईत सही करू नकोस. रजिस्टर झालेलं हक्कसोडपत्र नंतर मोडायचं म्हणजे कोर्टाच्या खेपा. जमिनीचा गट नंबर घालून सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर सातबारा बघ, कोणाची नावं लागलीत ते कळेल. भावाला सरळ सांग, दादा, आधी वारस नोंदीत तिघांची नावं लागू दे, जमीन तूच कस, मला आत्ता वाटणी नकोय. नाव लागलं म्हणजे लगेच शेताचे तुकडे पडत नाहीत. पुढे कधी राजीखुशीने त्याला द्यावंसं वाटलं तर दे, पण ते तू ठरवायचं, नवऱ्यानेही नाही.

तो रुसेल, फोन बंद होतील, वहिनी तोडून बोलेल, तुला त्रास होणार हे मी लपवत नाही. तरी भाऊबीजेला जा. आणि त्याच्या आधी आईशी एकटीशी बोल, भाऊ घरात नसताना, तिच्या हिश्श्याचं काय ते विचार. ती काय म्हणाली ते मला कळव.