मुंबईत पहिलाच साप (बॉल पायथन) पाळतोय. तापमान आणि दमटपणा किती ठेवू? विकणारा म्हणतो, मुंबईच्या हवेत वेगळं काही लागत नाही. खरं आहे का?

नाही, खरं नाही. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी आकडे. गरम बाजूच्या हाइडमधली (हाइड म्हणजे सापाला लपायची बंद जागा) जमीन ३१ ते ३२ अंश, थंड बाजू २५ ते २७. रात्री गरम बाजू २६ पर्यंत उतरली तरी बिघडत नाही. ३५ च्या वर टाकीतली कुठलीच जागा जाता कामा नये. दमटपणा ५५ ते ७० टक्के, कात टाकायच्या आधी डोळे निळसर झाले की वरच्या अंगाला. कॉर्न स्नेक घेणार असाल तर गरम बाजू २९-३०, थंड २३-२५ आणि दमटपणा ४५ ते ६०. हे आकडे तुम्हाला कुठेही मिळतील. लोक चुकतात ते आकड्यांत नाही, ते कुठे आणि केव्हा मोजायचे यात.

मुलुंडच्या एका फ्लॅटमधली टाकी सांगतो, कारण मुंबईत जे जे बिघडतं ते सगळं तिथे एकत्र होतं. तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, एका बाजूला काचेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. मॅटला थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज चालू-बंद करणारा) नव्हता, पंख्याचा रेग्युलेटर जोडलेला होता. विकणाऱ्यानेच बसवून दिला होता, ‘मुंबईत एवढं पुरे’ म्हणून. मालक मुलगा काळजी घेणारा. रोज रात्री जेवणं उरकली की टाकीपाशी बसायचा, मीटर बघायचा. ३२. बेडरूमचा एसी २४ वर. सगळं जागच्या जागी दिसत होतं. तरी साप खात नव्हता, तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसून राहायचा आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. उचलून पोट पाहिलं तर मधल्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी पट्टा. तो भाजल्याचा डाग होता.

तारेचा सेन्सर असलेला आणि दिवसभरातलं कमीत कमी व जास्तीत जास्त तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर मी आणला, सेन्सर हाइडच्या आत जमिनीला टेकवला आणि चोवीस तास कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जास्तीत जास्तच्या रकान्यात ४२ होतं.

यात गूढ काही नाही. रेग्युलेटरला तापमान कळत नाही. तो मॅटला ठरलेली वीज देतो आणि मॅट खोलीच्या तापमानावर ठरलेली भर घालते, या टाकीत साधारण ८ अंशांची. रात्री एसीत २४ अधिक ८, म्हणजे ३२. दुपारी सगळे ऑफिसला, खिडक्या बंद, एसी बंद, मे महिना, खोली ३४ वर. मॅट तीच, बटण तिथेच, हाइडची जमीन ४२. बघायला घरात कुणी नाही. त्यात सापाचा स्वभाव असा, की पोटाखाली भाजत असलं तरी तो बऱ्याचदा जागा सोडत नाही. जिथे सुरक्षित वाटतं तिथे बसून राहतो. म्हणूनच दोन्ही बाजूंना एकसारखी हाइड द्या. एकच दिली तर तो तापमान नाही, आडोसा निवडतो.

तेव्हा ‘रेग्युलेटर चालतो, आम्ही वर्षानुवर्षं वापरतोय’ म्हणणाऱ्या जुन्या मंडळींना माझं एकच सांगणं आहे: ज्या खोलीचं तापमान एका दिवसात दहा अंश वरखाली होतं तिथे तो चालत नाही. आणि मुंबईतली एसी असलेली प्रत्येक बेडरूम तशीच असते.

थर्मोस्टॅट घ्याच. एसटीसी-१००० हा साधा कंट्रोलर लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. २२० व्होल्टचाच मागा, १२ आणि २४ व्होल्टचेही येतात. मागे १-२ वर वीज, ३-४ वर सेन्सर, ५-६ हीटिंग, ७-८ कूलिंग. ५-६ हे नुसते स्विच आहेत, तिथे आपोआप वीज येत नाही. फेजची एक तार ५ वर वेगळी आणावी लागते. हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि कंट्रोलर प्लास्टिकच्या डब्यात बंदिस्त करा. एफ२ म्हणजे ठरवलेल्या तापमानापासून किती अंश उतरल्यावर मॅट पुन्हा चालू व्हावी तो फरक, तो १ ठेवा. एफ४ सेन्सरची चूक सुधारायला असतो.

सेन्सर कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. मॅट आणि काच यांच्या मध्ये लावा, सापाचं अंग पोहोचणार नाही असा. आत मोकळा सोडला तर साप तो ढकलून थंड बाजूला नेतो, कंट्रोलरला वाटतं टाकी गार आहे आणि मॅट अखंड तापत राहते. काचेखालचा सेन्सर आतल्या जमिनीपेक्षा दोन-तीन अंश जास्त दाखवतो. म्हणून इन्फ्रारेड गनने (दुरूनच तापमान मोजणाऱ्या यंत्राने) आतली जमीन मोजायची आणि ती ३२ वर येईपर्यंत सेटिंग हलवायचं. सेटिंग ३४ किंवा ३५ निघालं तरी घाबरू नका. गन ॲल्युमिनियमच्या चकचकीत टेपवर धरू नका, आकडा खोटा येतो. मॅट टाकीच्या तळाच्या एक तृतीयांशाहून मोठी नको आणि टाकीला खाली रबराचे पाय द्या. हवा खेळली नाही तर काच तडकू शकते.

थर्मोस्टॅटचा रिले (आतला स्विच) कधीतरी चिकटतो आणि वीज चालूच राहते. त्यासाठी मॅटच्या तारेत ४५ अंशांचा केएसडी-९७०० कटऑफ (तेवढं तापलं की वीज तोडणारा छोटा स्विच) टाकून घ्या आणि मॅटलाच चिकटवा. अगदी किरकोळ किमतीची वस्तू आहे. ती नसलेली टाकी मी पूर्ण मानत नाही.

बॉल पायथनला खोल थर हवा असेल, चार-पाच सेंटिमीटर नारळाच्या काथ्याचे तुकडे वगैरे, तर खालची मॅट निरुपयोगी. थर उष्णता वर येऊ देत नाही आणि काच मात्र तापत राहते. तिथे वरून सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा) लावा. पोर्सेलिनच्या होल्डरमध्ये, भोवती जाळी घालून, थर्मोस्टॅटवरच. बेकेलाइटचा (नेहमीचा प्लास्टिकसारखा) होल्डर टिकत नाही. लाल बल्ब नको, सापाला तो रात्रीही उजेडच वाटतो. तापणारा कृत्रिम दगड तर कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

आता दमटपणा. ‘मुंबई दमटच आहे’ हा विकणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. हवा तापली की तिच्यातला सापेक्ष दमटपणा उतरतो, हे त्यात विसरलं जातं. जुलैत खोली २६ अंश आणि ८५ टक्के असेल तर तीच हवा गरम बाजूला ३२ अंशांवर ६० टक्क्यांच्या आसपास येते. उत्तम. पण थंड कोपरा ८५ वरच राहतो, तिथला थर ओला होतो आणि पोटाचे खवले सडायला सुरुवात तिथेच होते. उलट मे महिन्यात एसी २४ वर, खोलीत ५० टक्के. ती हवा ३२ वर नेली की दमटपणा ३० च्या घरात. बाहेर घामाने शर्ट चिकटतोय आणि टाकीत कोरडेपणामुळे कात अडकतेय, हे मुंबईत नेहमीचं आहे. मुलुंडच्या त्या सापाचं तेच झालं होतं. दिवसा भाजत होता, रात्री कोरडा पडत होता. थर्मोस्टॅट लावला, जाळी झाकली, पोटाच्या जखमेवर पशुवैद्याचे उपचार झाले, तेव्हा कुठे तो खायला लागला.

म्हणून मीटर दोन लागतात, दोन्ही बाजूंना, सापाच्या उंचीवर. काट्याचे गोल मीटर फेकून द्या. डिजिटल मीटरही घरी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबाथेंबाने पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीटरसोबत झिपलॉकच्या पिशवीत दहा-बारा तास बंद ठेवा. खोली २५ अंशांच्या आसपास असेल तर मीटरने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवा.

एसीच्या दिवसांत जाळीचं झाकण दोन तृतीयांश ॲक्रिलिकच्या पट्टीने झाका. पाणी वरून फवारू नका. थराच्या कोपऱ्यांत ओता, म्हणजे खालचा थर ओलसर राहतो आणि वरचा कोरडा. पावसात ती पट्टी काढा, पाण्याचं भांडं गरम बाजूपासून दूर ठेवा, थर पातळ करा. नर्सरीतला कोकोपीट वापरणार असाल तर दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. देवदार किंवा पाइनचा भुसा नको. पहिला महिना मात्र साधा टिश्यू किंवा वर्तमानपत्रच घाला. विष्ठा, रक्त, पिसवांसारखे फिरणारे बारीक माइट, सगळं लगेच दिसतं.

कात टाकण्यासाठी दमट हाइड घरीच होते. आइस्क्रीमचा झाकणाचा डबा, सापाच्या सर्वांत जाड भागाच्या दीडपट भोक, कडा पॉलिश पेपरने घासलेल्या, आत घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ). टाकीच्या मधोमध ठेवा. पावसाळ्यात मॉस दर आठवड्याला बदला, नाहीतर बुरशी धरते. तरी कात अडकली तर २८-२९ अंशांच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या टॉवेलमध्ये साप अर्धा तास ठेवा, तो स्वतःच घासून काढतो. डोळ्यावर अडकून राहिलेली कातीची टोपी नखाने, चिमट्याने, कशानेही ओढू नका.

तोंडाशी बुडबुडे, शिट्टीसारखा श्वास, मान वर करून बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. सापाला छातीचा पडदा नसतो, तो कफ खोकून टाकू शकत नाही. त्या खोलीत कछुआ छाप, उदबत्ती, डासांचं मशीन, पेस्ट कंट्रोलची फवारणी काही नको. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सापाचं कळत नाही, तेव्हा तो आधी शोधा, साप नंतर आणा.

आणलात की तापमान सलग आठवडाभर स्थिर दिसेपर्यंत खाऊ घालू नका. दिवसाही गरम बाजू २८ च्या खाली असेल तर खाल्लेलं उलटून पडू शकतं. पश्चिमेच्या खिडकीत टाकी ठेवू नका. काचेवर ऊन आलं की थर्मोस्टॅट काही करू शकत नाही. वीज गेली तर मुंबईत थंडीची चिंता नाही, तळमजल्यावरही काही तास निभतात. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, एसी बंद पडला तर मात्र टाकी लगेच घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा.

आणखी एक, हे खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. धामण, मांडूळ, डुरक्या घोणस, आपला अजगर, कुठलाही भारतीय साप घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. बिल्डिंगमध्ये निघालेला साप ‘पाळू’ म्हणून डब्यात घालू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. मालक बदलला, पिल्लं झाली, साप मेला, तेही कळवावं लागतं. कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. विकणारा कागद द्यायला का-कू करत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.