वाचकांचे प्रश्न : पाचशे सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन नव्या चौकटीत बसवताना

प्रश्न : माझ्या काकांनी शर्यतीसाठी घेतलेली होंडा सीआर ५०० आर ही १९९० च्या दशकातील गाडी आमच्या सातपूरच्या घरी बारा वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. तिची लोखंडी चौकट पुढून वाकली आहे, पण इंजिन मोकळे फिरते. एका ओळखीच्या स्पर्धकाकडे सीआरएफ ४५० आर या फोर-स्ट्रोक गाडीची ॲल्युमिनियमची चौकट चाके व शॉकअपसह, इंजिनाविना मिळत आहे. काकांच्या गाडीचे इंजिन या चौकटीत बसेल का? फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन चौकटीला धरून ठेवणाऱ्या, पट्ट्या बनवून द्यायला अंबडमधील एक फॅब्रिकेटर तयार आहे. — एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : इंजिन बसेल, आणि नीट बसवले तर काकांची गाडी पूर्वीपेक्षा चांगली चालेल. होंडाने ही गाडी १९८४ मध्ये आणली, १९८५ पासून तिला पाण्याचे कूलिंग दिले आणि २००१ पर्यंत तिचे उत्पादन चालू ठेवले. मधल्या काळात, १९९७ मध्ये, सीआर २५० आर ॲल्युमिनियमच्या चौकटीवर गेली. पाचशेच्या वाट्याला मात्र ती चौकट कधीच आली नाही. कावासाकीची केएक्स ५०० तर २००४ पर्यंत निघत होती आणि तीही शेवटपर्यंत लोखंडी चौकटीतच होती. जे कंपन्यांनी केले नाही ते अमेरिकेतील हौशी कारागिरांनी आपापल्या वर्कशॉपात करून पाहिले, आणि तुम्ही विचारता तीच जोडी त्यांच्या विशेष आवडीची ठरली.

आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याने मात्र मला थोडी काळजी वाटली. फाउंडेशनच्या पट्ट्या हे या कामातील अगदी शेवटचे काम आहे. इंजिन चौकटीत ठेवून, ते साधारण मध्यावर दिसते असे पाहून पट्ट्या मारल्या, तर ती गाडी सुरू होईल, पण टिकणार नाही.

सुरुवात साखळीपासून करावी. मागच्या चाकाच्या हबवर स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, कोठे बसते हे ठरलेले असते आणि ते हलवता येत नाही. त्यामुळे इंजिन डावीकडे किंवा उजवीकडे किती सरकणार, याचा निर्णय त्या स्प्रॉकेटने आधीच केलेला असतो. मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला तीन फुटांची ग्राइंड केलेली सरळ पट्टी टेकवावी, ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्यावी आणि तेथे राहिलेली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) मोजावी. फट अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर पुढे जावे. ती एक मिलिमीटरच्या वर असेल तर बाकी सर्व कामे थांबवून आधी ती दुरुस्त करावी. पंचवीस वर्षांपूर्वी एका अडीचशे सीसीच्या इंजिनाच्या बाबतीत मी स्वतः दोन मिलिमीटरचा फरक ‘चालून जाईल’ म्हणून सोडून दिला होता. दुसऱ्याच फेरीत साखळी उतरली, पुढच्या स्प्रॉकेटभोवती तिचा गोळा झाला आणि क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचा, बोटभर तुकडा उडून मातीत पडला. तो तुकडा मी आजही टेबलाच्या खणात ठेवला आहे, आणि कोणी नवीन मुलगा काम शिकायला आला की तो त्याच्या हातावर ठेवतो.

दुसरे माप स्विंग आर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा दुबाहू, ज्यावर वरखाली फिरतो त्या पिव्हटचे आहे. मोटोक्रॉसच्या (कच्च्या ट्रॅकवरील शर्यतीच्या) गाड्यांत पिव्हटचा लांब बोल्ट बहुधा चौकट, स्विंग आर्म आणि क्रँककेसचा मागचा कान, या तिन्हींतून आरपार जातो. म्हणून केसचा तो कान स्विंग आर्मच्या दोन बाहूंच्या मधल्या जागेत बसला पाहिजे आणि त्याचे भोक नव्या बोल्टला घट्ट जुळले पाहिजे. भोक मोठे असल्यास लेथवर स्टीलचा बुश काढून घेता येतो. ते लहान असल्यास मिलिंगवर वाढवता येते, परंतु त्यानंतर भोकाभोवती किती धातू उरतो हे आधी मोजूनच मशीन चालू करावे. पुढचे स्प्रॉकेट पिव्हटपासून जितके दूर जाईल, तितकी मागचे चाक वरखाली होताना साखळी अधिक ताणली जाते व अधिक सैल पडते, आणि या गाड्यांच्या मागच्या चाकाची हालचाल सुमारे तीनशे मिलिमीटर असते. शॉकअप काढून चाक हाताने पूर्ण वर-खाली करून पाहावे; पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, पिव्हट आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात त्या जागी साखळी सर्वांत ताणलेली असते, आणि तिची ढील तेथेच ठरवावी.

ही मापे घेताना पूर्ण इंजिन उचलत बसू नये. क्रँक, गिअर आणि क्लच काढून रिकामी केस व सिलिंडर एवढेच बोल्टने जोडावे. हा हलका सांगाडा एका माणसाला दिवसभर आत-बाहेर करता येतो आणि वेल्डिंगच्या वेळी बेअरिंग किंवा इग्निशन खराब होण्याची भीतीही राहत नाही.

आता कापाकापीविषयी. चौकटीच्या खालच्या बाजूचा पाळणा फोर-स्ट्रोक इंजिनाच्या बुडाला अनुसरून घडवलेला असतो, त्यामुळे तेथे थोडे कापून जोडावे लागण्याची शक्यता आहे. कापण्यापूर्वी चौकट एका जाड सपाट प्लेटवर, हँडलची नळी व पिव्हट या दोन्ही ठिकाणी जखडून घ्यावी. अन्यथा आर्गॉन वेल्डिंगच्या उष्णतेने ती आक्रसते आणि मग दोन्ही चाके एका रेषेत येत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हीट ट्रीटमेंट केलेले ॲल्युमिनियम वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात मऊ पडते. ६०६१-टी६ या नेहमीच्या मिश्रधातूत तेथील ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि पुन्हा भट्टीत घातल्याशिवाय ती परत येत नाही. नाशिकमध्ये अशी कामे करणारे कारखाने आहेत हे खरे, पण संपूर्ण चौकट तापवून पाण्यात बुडवली की ती पिळवटण्याचा धोका असतो. म्हणून माझे मत असे की वेल्डिंग कमीत कमी ठेवावे, हँडलच्या नळीजवळ आणि पिव्हटजवळ ते मुळीच करू नये, आणि जेथे शक्य असेल तेथे घन ॲल्युमिनियममधून सीएनसीवर काढलेल्या प्लेटा बोल्टने जोडाव्यात.

पट्ट्यांची पाळी येते ती आता. हे इंजिन ८९ मिलिमीटर बोअर आणि ७९ मिलिमीटर स्ट्रोकचे, ४९१ सीसीचे आहे. पिस्टन एकच आणि बॅलन्सर, म्हणजे हादरा कमी करणारे फिरते वजन, नाही, त्यामुळे ते चौकटीला जोराने हादरवते. सिलिंडर हेडपासून वरच्या दोन तुळयांपर्यंत जाणारा हेड स्टे अनेक जण शोभेची वस्तू समजून गाळतात. तो गाळला की सगळा हादरा खालच्या दोन-तीन बोल्टांवर येतो, आणि काही तासांतच केसच्या कानाला केसासारखी बारीक चीर दिसू लागते. प्लेट आणि केस यांच्यात फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नये. फट मोजून तेवढ्याच जाडीचा वॉशर घालावा, म्हणजे चौकट इंजिनाला कायमची ओढत राहणार नाही.

एक्सपान्शन चेंबर हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे, कारण फोर-स्ट्रोकच्या चौकटीत एवढ्या फुगीर नळीसाठी जागा ठेवलेलीच नसते. टू-स्ट्रोकमध्ये हा सायलेन्सर धूर बाहेर टाकण्यापुरता नसतो. त्याच्या शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून परतणारी दाबाची लाट, बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते, आणि ती वेळेवर पोहोचण्यासाठी नळीची लांबी नेमकी असावी लागते. एक्झॉस्टचे द्वार क्रँकच्या फेरीतील १८० अंश उघडे राहत असेल, लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला आणि इंजिनाला मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर जोर हवा असेल, तर द्वार उघडे राहण्याचा काळ सुमारे ४.३ मिलिसेकंद भरतो. तेवढ्या वेळात लाट जाऊन-येऊन मिळून २.२२ मीटर कापते, म्हणजेच पिस्टनपासून त्या निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १,११० मिलिमीटर असले पाहिजे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्याला मूळ चेंबर कापून वळवावा लागेल, तेव्हा त्याच्या मध्यरेषेची लांबी दोरीने मोजून तीच कायम ठेवावी आणि रेडिएटरला जागा करण्यासाठी सुरुवातीची नळी हातोड्याने चेपू नये.

एअर फिल्टरचा डबा व रबरी नळी यांचीही थोडी खटपट होईल, कारण टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर खाली बसतो आणि शॉकअप त्याच्या वाटेत येतो. रेडिएटर नव्या चौकटीचेच ठेवावेत. फक्त पाइपांची वळणे बदलावीत.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती सांगणे आवश्यक आहे. इंजिन मोकळे फिरते एवढ्यावर विसंबू नये. बारा वर्षांत क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी सील कडक झालेली असतात आणि त्यांतून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, पिस्टन पकडतो (सिलिंडरमध्ये अडकतो). इनटेक व एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे ०.४ बार हवा भरावी. सहा मिनिटे दाब टिकला नाही, तर आधी सील बदलावीत आणि मगच चौकटीचा खर्च करावा.

प्रश्न : वडिलांची राजदूत ३५० बरीच वर्षे बंद आहे. तिचे इंजिन हीरो एक्सपल्स २०० च्या चौकटीत घालून गंगापूर धरणाच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर चालवण्याचा विचार आहे. सल्ला द्यावा. — एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हे करू नये, असे मी मनापासून सांगतो. राजदूत ३५० चे इंजिन ३४७ सीसीचे, दोन सिलिंडरचे आणि हवेवर थंड होणारे आहे. एक्सपल्सची चौकट एका अरुंद सिलिंडरसाठी आखलेली आहे. दोन सिलिंडर म्हणजे दोन चेंबर, आणि ते इंजिनाखालून नेले की एक्सपल्सचा जो मोठा गुण, जमिनीपासूनची २२० मिलिमीटर उंची, तोच आपण गमावून बसाल. शिवाय या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. हाय टॉर्क आवृत्तीची ३०.५ अश्वशक्ती डांबरी रस्त्यावर सुखावते, पण दगडगोट्यांच्या चढणीवर, पहिल्या गिअरमध्ये, ती हाताशी लागत नाही.

कायद्याची अडचण यापेक्षा मोठी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. कलम १८२-ए नुसार अशा बदलाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. धरणाकडे जाणारा रस्ता सार्वजनिक आहे. सातपूरच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावे : त्यांची गाडी शर्यतीची आहे, तिने ट्रॅकपर्यंत टेम्पोतूनच जायचे आहे.

वडिलांची राजदूत तिच्या स्वतःच्याच चौकटीत उभी करा. त्या गाड्या आता थोड्याच उरल्या आहेत आणि इंजिन वेगळे काढले की मागे राहिलेली चौकट हमखास भंगारात जाते.

प्रश्न : मोठ्या टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये तेल किती घालावे? पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, ते चालेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : चांगले सिंथेटिक टू-स्ट्रोक तेल बत्तीसास एक, म्हणजे लिटरमागे ३१ मिलिलिटर, हे प्रमाण मी वापरतो. तेल वाढवले की इंजिन अधिक सुरक्षित होते हा समज अर्धवट आहे. त्याच जेटमधून (कार्बोरेटरमधील इंधनाच्या बारीक भोकातून) तेल अधिक गेले तर पेट्रोल कमी जाते, आणि मिश्रण पातळ होते.

इथेनॉलचे पेट्रोल चालते, पण जेट बदलून. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के अधिक इंधन हवे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ असते, आणि त्यामुळे थोडी भरपाई आपोआप होते. मात्र थंडीत हे गणित फिरते. मेच्या दुपारी ३८ अंशांवर नीट चालणारे इंजिन डिसेंबरात निफाडकडच्या एखाद्या शेतात पहाटे ८ अंशांवर सुरू केले, तर हवा सुमारे दहा टक्के दाट असते आणि उन्हाळ्यातला जेट तेथे पुरत नाही. म्हणून मेन जेट दोन-तीन आकडे मोठा घालून सुरुवात करावी, पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जाऊन क्लच दाबत इंजिन बंद करावे, प्लग काढून पाहावा, आणि प्लग काळा व ओलसर असेल तरच एकेक आकडा खाली यावे. पांढरा प्लग दिसला तर त्या दिवशी गाडी पुढे चालवू नये.

इथेनॉल हवेतील ओल शोषते. पाणी व इथेनॉल तळाशी वेगळे झाले की कार्बोरेटरमध्ये प्रथम तोच थर जातो, आणि त्यात तेल नावालाच असते. तयार मिश्रण महिनाभर कॅनमध्ये ठेवू नये, आणि गाडी परत आणल्यावर त्याच संध्याकाळी टाकी व कार्बोरेटरचा बाउल दोन्ही रिकामे करावेत.