टाइप १ डायबेटिस असताना आई होता येतं का?

येतं. मला तेराव्या वर्षापासून टाइप १ (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, ते रोज बाहेरून घ्यावं लागतं) आहे आणि मुलगा आता चार वर्षांचा झालाय. फक्त 'दिवस गेल्यावर बघू' असं करू नका. बाळाचे अवयव पहिल्या आठेक आठवड्यांतच आकार घेतात. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बरंच काम झालेलं असतं. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आधीच शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणा, फॉलिक ॲसिड सुरू करा, डोळ्यांचा पडदा आणि किडनी तपासून घ्या. बीपी-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्या.

इन्सुलिनची भीती नको. ते वारेतून बाळाकडे जात नाही, आईची जादा साखर मात्र जाते. शेवटच्या महिन्यांत माझा डोस जवळजवळ दुप्पट झाला होता आणि बाळंत झाल्यावर एका दिवसात धाडकन खाली आला.

खरी तारांबळ उडाली ती रात्री दूध पाजताना. साखर ५८ पर्यंत घसरलेली, हात थरथरताहेत आणि बाळ छातीशी. तेव्हापासून उशाशी ग्लुकोजची पुडी असायची. (सासूबाईंनी प्रेमाने केलेले डिंकाचे लाडू नवऱ्याने संपवले.)