चौघांच्या गटाने १६ आठवड्यांच्या संशोधन प्रकल्पाचं वेळापत्रक कसं आखावं? कोणतं अ‍ॅप वापरावं?

अ‍ॅपचं सोडा. एका कागदावर तारखा आणि प्रत्येक कामापुढे एकाचंच नाव, एवढं पुरतं. ‘सगळे मिळून करू’ असं लिहिलेलं काम कोणीच करत नाही. आमचा तर रंगीत गँट चार्ट (कोणतं काम कधी सुरू, कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) भिंतीवर लावलेला होता, तरी तीन आठवडे पाण्यात गेले.

प्रकल्प मुगाच्या बियाण्यावर होता. पाण्यातलं मीठ वाढवत नेलं की उगवण किती घटते, ते बघायचं होतं. मिठाच्या शून्य ते २०० मिलिमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक) अशा पाच पातळ्या, प्रत्येकीच्या चार डिशा, डिशेत २५ बिया. म्हणजे २० डिशा, ५०० बिया. मी म्हणत होते, आधी दोनच डिशा लावू, पाच दिवस बघू. गटातला मित्र म्हणाला, “अगं, त्याच पाच दिवसांत वीस डिशांचा निकाल हातात येईल. दोन लावून काय मिळणार?” बाकी दोघांनाही ते पटलं. मी एकटी पडले आणि गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी फिल्टर पेपरवर राखाडी लव दिसली. चौथ्या दिवशी सगळ्या डिशांत बिया एकमेकींना चिकटलेल्या, चिमट्याने उचलल्या तर बुळबुळीत, आणि झाकण काढलं की कुबट वास. बिया आम्ही नुसत्या धुतल्या होत्या. सौम्य सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (जंतू मारणारं ब्लीच) काही मिनिटं ठेवून मग डिस्टिल्ड वॉटरने तीन-चारदा खळबळून घ्यायला हव्या होत्या. नोंदवही उघडली तर त्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी एकाच डिशेत माझ्या मोजणीने १४ बिया उगवलेल्या, मित्राच्या मोजणीने १९. मी मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की मोजत होते, तो साल तडकली की. ‘उगवलं’ कशाला म्हणायचं, हे आम्ही ठरवलंच नव्हतं.

या दोन्ही चुका दोन डिशांत कळल्या असत्या. मित्र अजूनही म्हणतो, बुरशी काय, कोणालाही लागते, नशीब आपलं. नशिबाचा काही संबंध नव्हता. पाच दिवस वाचवायला गेलो आणि नवं बियाणं, नव्या डिशा, प्रयोगशाळेची पुन्हा वेळ मिळेपर्यंत २१ दिवस घालवले. तुमच्या गटात कोणी ‘आधी थोडं करून बघू’ म्हणत असेल, तर तिघांनी मिळून त्याला गप्प करू नका.

अंदाज सगळ्यांचेच चुकतात. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. आणि जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. तेव्हा तुमच्या १६ पैकी दोन आठवडे रिकामेच सोडा. बाकीचे असे: प्रश्न पक्का करायला दोन, चाचणीला, म्हणजे ‘आधी थोडं करून बघू’ला, एक, मुख्य कामाला सहा, विश्लेषणाला दोन, लिहायला तीन.

हे प्रयोगाच्या प्रकल्पाबद्दल झालं. मुलाखती किंवा सर्वेक्षण असेल तर मार्गदर्शकांना आधी विचारून घ्या, कारण नैतिकता समितीची परवानगी लागत असेल तर ती चाचणीलाही लागते आणि ती यायला वेळ जातो. चाचणीतले आकडे मुख्य आकड्यांत मिसळू नका, हेही मार्गदर्शकांशी आधीच बोलून घ्या. आणि पद्धतीचं प्रकरण शेवटच्या तीन आठवड्यांवर ढकलू नका, प्रयोग चालू असतानाच लिहा. बिया हायपोक्लोराइटमध्ये किती मिनिटं ठेवल्या होत्या, ते तेव्हाच आठवतं.