हौशी कवी आणि गंभीर कवी यांच्यात फरक काय? नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने संग्रह काढावा का?

नोकरीचा इथे काय संबंध? अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात होते, केशवसुत शाळामास्तर. बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं आणि संग्रह आला तो त्या गेल्यानंतर, 1952 साली. त्यांना हौशी म्हणून दाखवा.

मला म्हटलं होतं. कोजागिरीचं कविसंमेलन, आमच्याच गावात. मी भुजंगप्रयात वृत्तात लिहिलेली कविता वाचली. पहिली ओळ होती, ‘उन्हाच्या झळा सोसतो पिंपळ वेडा’. चार संग्रह नावावर असलेले अध्यक्ष माईकवर म्हणाले, ‘‘हौशी मंडळींनी वृत्ताच्या भानगडीत पडू नये.’’ हशा. पहिल्या रांगेत आमचे मेहुणे, सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

रात्री घरी येऊन बोटांवर मोजलं. भुजंगप्रयाताच्या ओळीत एक लघू (आखूड) आणि दोन गुरू (लांब) अक्षरं, म्हणजे लगागा, असं चार वेळा येतं. माझ्या ओळीत बाराच्या जागी तेरा अक्षरं. ‘पिंपळ’मधले प आणि ळ लागोपाठ लघू, तिथेच ओळ मोडत होती. चालीत ओढून म्हटल्यामुळे माझ्या कानाला खपलं होतं. याच वृत्तातले मनाचे श्लोक लहानपणी पाठ केलेल्या माणसाला हे कळू नये, याची लाज वाटली. ‘झाड’ घातलं की ओळ तिथल्या तिथे बसत होती. पण आमच्या दारात पिंपळ होता, नुसतं झाड नव्हतं. तीन आठवडे बँकेत नोटा मोजताना डोक्यात लगागा लगागा. मग एकदा जेवताना सुचलं: ‘उन्हाच्या झळा पिंपळाला विचारा’.

त्या तीन आठवड्यांना मी गांभीर्य म्हणतो. पदरचे पैसे घालून पुस्तक छापणं, शाल-श्रीफळ घेणं, आपली कविता झाली की चहाला उठणं, ही खरी हौस. मेहुणे आजही पाहुण्यांना ‘आमचे हौशी कवी’ अशी ओळख करून देतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

मुक्तछंदवाल्यांनी अंगावर घेऊ नये, तिथेही शब्द अडतोच. आणि हो, चूक माझी होती, अध्यक्षांचं त्यापुरतं बरोबरच होतं.

संग्रहाचं तुमचं तुम्ही बघा. मी काढला नाही. दुरुस्त केलेली ओळ मात्र अध्यक्षांना पोस्टकार्डावर लिहून पाठवली होती. उत्तर आलं नाही. मेहुणे म्हणतात, पत्ता चुकला असेल. पत्ता अध्यक्षांच्याच चौथ्या संग्रहातून उतरवून घेतला होता.